घरच्या गॅसवर थाई जेवण: नवीन लोकांनी सुरुवात कुठून करायची

थाई जेवण घरी करायचं ठरवलं की बहुतेक जण ग्रीन करी पेस्टचं पाकीट आणि नारळाच्या दुधाचा टेट्रापॅक उचलतात, दोन्ही एकत्र उकळतात, वरून ब्रोकोली आणि बेबीकॉर्न टाकतात आणि चव काही जमली नाही म्हणून पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं कारण तोवर नव्वद टक्के काम झालेलं असतं. पाकीट बऱ्यापैकी चांगलंच असतं, राहून जातात ती शेवटची दोन मिनिटं, म्हणजे गॅस बंद करताना चमच्याने चाखून खारट, आंबट, गोड, तिखट जुळवून घेणं. थाई स्वयंपाकात या चारही चवी वेगवेगळ्या बाटल्या-डब्यांतून येतात आणि रेसिपीतलं माप तुम्हाला फक्त जवळपास नेऊन सोडतं, कारण लिंबात रस किती, चिंच किती आंबट, फिश सॉस कुठल्या कंपनीचा, हे दर वेळी बदलतं. म्हणून खाली पदार्थ मुद्दाम अशा क्रमाने दिलेत की चाखायची सवय आधी लागेल आणि पेस्ट वाटायची मेहनत नंतर येईल.

आधी खरेदी, पण थोडीच

फिश सॉस घ्याच. थाई लोक याला नाम प्ला म्हणतात, छोटे समुद्री मासे आणि मीठ एकत्र करून वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवायचं आणि जो पातळ अर्क निघतो तो गाळून घ्यायचा. लेबल वाचा, त्यात मासा, मीठ आणि फार तर साखर एवढंच असावं. स्क्विड आणि टिपारोस हे थाई ब्रँड ऑनलाइन मिळून जातात. बाटली उघडल्यावर वास जोरात येतो, घरात सुकट-बोंबील होत असतील तर त्याचं काहीच वाटणार नाही, आणि सवय नसेल तरी घाबरू नका, गरम कढईत पडला की तो वास बसतो आणि मागे एक खोल खारटपणा राहतो जो नुसत्या मिठाने येत नाही. त्याच्या जोडीला लाइट सोया सॉस आणि ऑयस्टर सॉसची छोटी बाटली घेतलीत की बाटल्या संपल्या.

गोडासाठी पाम शुगर लागते. थायलंडमध्ये ताडाची पण असते आणि नारळाच्या माडाची पण, आणि गोव्यात जो माडाचा गूळ मिळतो तो माडाच्याच रसाचा, त्यामुळे तो मिळाला तर दुसरं काही शोधायला नको. रंगाने काळपट असतो म्हणून करी जरा गडद दिसेल, चवीला मात्र सुंदर. नाहीच मिळाला तर आपला साधा फिकट गूळ चालतो. आंबटासाठी लिंबू आणि चिंच, ती घरात आहेच. तिखटाला लवंगी मिरची घ्या, थाई फ्रिक खी नू मिरचीच्या सगळ्यात जवळची तीच.

आता पाला आणि मुळं, इथे थोडं नीट बघून घ्यावं लागतं. गवती चहा आपल्याकडे कुंडीत असतो पण आपण पात वापरतो, थाई स्वयंपाकात खालचा पांढरट दांडा लागतो, मुळापासून साधारण बोटभर वरपर्यंतचा. घरच्या रोपाचा दांडा बारीक असतो, मग दोनच्या जागी पाच-सहा घ्यायचे आणि पातीची गाठ मारून सूपमध्ये सोडायची. गलंगल दिसतं आल्यासारखं पण चव वेगळी, पाइनसारखा वास आणि जरा औषधी तिखटपणा. काष्ठौषधीच्या दुकानात सुकलेलं कुलंजन मिळतं ते सूपमध्ये एखादा तुकडा ठीक, पेस्टसाठी ताजं किंवा फ्रोजनच पाहिजे. माकरूत लिंबाची जोडपानं (एकाच देठावर दोन पानं लागल्यासारखी दिसतात) एकदा आणा आणि फ्रीजरमध्ये टाका, महिनोन् महिने टिकतात. याला खरा पर्याय नाही, आपल्या लिंबाची साल किसून काम भागतं पण तो वास येत नाही. नर्सरीत रोप मिळालं तर जरूर लावा.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधली इम्पोर्टेड मालाची दुकानं, पुण्यात किंवा इतर शहरांत एक्झॉटिक भाजीवाले, नाहीतर ऑनलाइन. परदेशात असाल तर तुमचं काम सोपं आहे, कुठल्याही एशियन स्टोअरच्या फ्रीजरमध्ये गलंगल, पानं, सगळं एका जागी सापडतं.

बेसिलची एक गंमत सांगते. ग्रीन करीत जी थाई बेसिल पडते, थाईत होराफा, ती आणि आपला सब्जा या एकाच प्रजातीच्या वनस्पती आहेत. दुकानातलं सब्ज्याचं बी चिमूटभर कुंडीत पेरा, वर माती अगदी पातळ ठेवा, ऊन आणि पाणी मिळालं की पान यायला लागेल. वास हुबेहूब थाई बेसिलसारखा येईलच असं नाही पण ताज्या पानाला तोड नाही. काफ्रावसाठी, म्हणजे खाली येणाऱ्या बेसिल-चिकनसाठी, जी होली बेसिल लागते ती मात्र तुळशीच्याच प्रजातीची. घरच्या वृंदावनातली तुळस चिकनमध्ये टाकायला बऱ्याच जणांचं मन होत नाही आणि ते मला अगदी पटतं, तिथे सब्जाचीच पानं वापरा.

भात

थाई लोक जास्मिन राइस खातात, थाईत होम माली. आपल्याकडे आंबेमोहोर असेल तर बिनधास्त तोच लावा, सुगंधी आहे, मऊ आहे आणि थोडा चिकट पण, करी छान धरतो. बासमती या जेवणाला मोकळा पडतो. जास्मिन तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, एका वाटीला सव्वा वाटी पाणी, झाकण ठेवून मंद आच, पाणी आटलं की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकूनच ठेवा. मीठ घालायचं नाही, तेल-तूप पण नाही. बाकी सगळे पदार्थ खारट-तिखट असतात ते या अळणी भाताच्या भरवशावर.

पहिला पदार्थ: काफ्राव

फाड काफ्राव काय (थाईत 'काय' म्हणजे चिकन), म्हणजे बेसिल घालून परतलेलं चिकन. थायलंडमध्ये रस्त्यावरच्या कुठल्याही साध्या खानावळीत दुपारी एका प्लेटमध्ये भात, हे चिकन आणि वर तळलेलं अंडं असं मिळतं. सुरुवात यानेच करा, कारण पंधरा मिनिटांत होतं, नारळ नाही, पेस्ट नाही आणि चूक झाली तरी सुधारता येते.

दोघांसाठी ३०० ग्रॅम चिकन घ्या, मांडीचं बोनलेस घेऊन सुरीने जाडसर बारीक केलंत तर उत्तम, तयार खिमा पण चालतो. लसणाच्या सहा-सात पाकळ्या आणि चार ते आठ लवंगी मिरच्या खलबत्त्यात ठेचा, ठेचाच, मिक्सरला लावू नका, गुळगुळीत झालं की कढईत करपतं. मोठ्या आचेवर दोन चमचे तेल, त्यात हा ठेचा अर्धा मिनिट, ठसका लागेल, खिडकी उघडी ठेवा. चिकन टाका, पसरा आणि लगेच हलवू नका, खालून जरा रंग येऊ द्या, मग मोडून परता. शिजत आलं की एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, अर्धा मोठा चमचा फिश सॉस, एक छोटा चमचा सोया आणि तेवढीच साखर. कोरडं वाटलं तर दोन चमचे पाणी शिंपडा.

आता चाखा. इथेच थांबा, घाई करू नका. खारट कमी वाटतंय का? मग फिश सॉस थेंब थेंब. खारट आहे पण चव टोचतेय, तर चिमूटभर साखर, ती गोड करायला नाही, टोक बोथट करायला. थोड्या भाताबरोबर चाखा कारण नुसतं चाखल्यावर जे जास्त वाटतं ते भाताबरोबर बरोबर लागतं. गॅस बंद करून मूठभर पानं टाका आणि दोनदा उलथा, उरलेल्या उष्णतेवर ती कोमेजतात, तेवढं बास.

अंडं वेगळ्या छोट्या कढईत, भरपूर गरम तेलात. पांढरं फुगून कडेला तपकिरी जाळी धरतं आणि पिवळं मऊ राहतं, याला खाय दाव म्हणतात. ते भातावर फोडायचं. सोबत एका वाटीत फिश सॉस, बारीक चिरलेली मिरची, लसणाचे काप आणि लिंबाचे चार थेंब, हे झालं फ्रिक नाम प्ला, थाई टेबलावर हे असतंच, ज्याला जसं पाहिजे तसं वरून घ्यायचं.

दुसरा: तोम खा

'तोम खा काय' म्हणजे नारळाच्या दुधात गलंगल घालून केलेलं चिकन सूप. आंबट कधी घालायचं ते हा पदार्थ शिकवतो. दोन वाट्या नारळाचं पातळ दूध (ताजा नारळ वाटत असाल तर दुसरं दूध), त्यात गवती चहाचे ठेचलेले दांडे, गलंगलच्या आठ-दहा चकत्या, माकरूतची चार-पाच पानं हाताने फाडून, हे सगळं पाच-सात मिनिटं मंद उकळा. मग चिकनचे पातळ काप आणि अळंबी, ऑयस्टर मशरूम मिळाली तर फारच छान. शिजलं की वाटीभर घट्ट दूध, मोठा दीड चमचा फिश सॉस, छोटा चमचा गूळ आणि ठेचलेल्या दोन-तीन मिरच्या. एक हलकी उकळी आली की गॅस बंद.

लिंबू आता. उकळत्या सूपमध्ये पिळलं तर त्याचा ताजेपणा जातो आणि कडवटपणा येतो, म्हणून नेहमी उतरवल्यावर. एका लिंबाचा रस पिळा, ढवळा, चाखा, बहुतेक वेळा अजून अर्धं लागतं. सूप आंबटाकडे झुकलेलं पाहिजे आणि मागून खारट, गोड फक्त नारळाचं. तुम्हाला ते सपक वाटलं तर दहापैकी नऊ वेळा फिश सॉस किंवा लिंबू कमी असतं, मिरची वाढवून ते सुटत नाही. आणि हो, दांडे, चकत्या, पानं ही खायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची, पाहुण्यांना आधीच सांगून टाका.

यातलंच नारळ काढून कोळंबी घातली की तोम यामच्या, म्हणजे आंबट-तिखट थाई सूपच्या, वाटेवर आलात. त्यासाठी कोळंबीची डोकी आणि सालं फेकू नका, चमचाभर तेलात लालसर होईपर्यंत परता, पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून तेच पाणी सूपला वापरा. केशरी तवंग येतो त्यातच खरी चव आहे. तोम याम कुंगला (कुंग म्हणजे कोळंबी) २०२४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, इतका हा पदार्थ तिकडच्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

तिसरा: ग्रीन करी, आता पेस्ट

पहिल्यांदा विकतची पेस्टच वापरा, त्यात कमीपणा काही नाही, बँकॉकमध्येही लोक बाजारातून ताजी वाटलेली पेस्ट किलोच्या भावाने आणतात. माए प्लॉयची पेस्ट चांगली आहे पण बरीच खारट, म्हणून फिश सॉस चाखूनच घाला. मेसरीचे छोटे डबे येतात, एका वेळच्या करीला एक डबा पुरतो.

खरं काम कढईत आहे. नारळाचं घट्ट दूध, फक्त घट्ट, पाऊण वाटी कढईत घ्या आणि मध्यम आचेवर आटवत राहा. आधी ते साधं उकळतं, मोठे पांढरे बुडबुडे येतात. पाच-सहा मिनिटांनी ते दाटतं, बुडबुडे बारीक होतात, आवाज बदलतो, रटरट थांबून चरचर सुरू होते, आणि मग कडेने पारदर्शक तेल वेगळं झालेलं दिसायला लागतं. हाच तो क्षण. आता पेस्ट टाका, तीन मोठे चमचे, आणि त्या सुटलेल्या खोबरेल तेलात परता, नाकाला झोंबणारा कच्चा वास जाऊन गवती चहा आणि माकरूतचा गोडसर वास यायला लागेपर्यंत. आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो तेच हे, फक्त तेल नारळातूनच काढलंय. टेट्रापॅकच्या दुधात बऱ्याचदा इमल्सिफायर असतात आणि ते कितीही आटवलं तरी फुटत नाही, तेव्हा वाट बघत बसू नका, चमचाभर खोबरेल किंवा साधं तेल घालून पुढे जा.

मग चिकन, दोन मिनिटं परतून पातळ दूध दीड-दोन वाट्या, थोडी माकरूतची पानं, आणि भाजीत छोटी हिरवी वांगी चार तुकडे करून. थाई ग्रीन करीत वांगी असतातच, आपली गोल छोटी हिरवी वांगी मस्त लागतात, ब्रोकोलीपेक्षा कितीतरी सरस. वांगं शिजलं की फिश सॉस, गूळ, चाखणं, आणि शेवटी बेसिल. लिंबू या करीत पडत नाही. पातळसरच ठेवायची, आपल्या रश्श्याइतकी दाट करायची नाही.

एकदा हे जमलं की स्वतः पेस्ट वाटा. पंधरा-वीस हिरव्या मिरच्या (अर्ध्या लवंगी, अर्ध्या कमी तिखट, नाहीतर डोळ्यांतून पाणी), छोटा चमचा भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरे, थोडी पांढरी मिरी, छोटा चमचा मीठ, मोठा चमचा गलंगल, तीन मोठे चमचे अगदी बारीक चिरलेला गवती चहाचा दांडा, सांबारात घालतो ते छोटे कांदे मूठभर, आठ-दहा लसूण पाकळ्या, माकरूतच्या फळाची साल किंवा पानांचं चूर्ण, आणि कोथिंबिरीची मुळं. ही मुळं महत्त्वाची आहेत. परदेशात लोकांना ती शोधावी लागतात आणि आपल्याकडे जुडीबरोबर फुकट येतात, आपण कापून फेकतो, त्यापेक्षा धुऊन फ्रीजरमध्ये साठवा. कोळंबीची पेस्ट, म्हणजे कापी, नसेल तर चमचाभर जवळा कोरडा भाजून पूड करून घाला. ती कापी नाही, पण समुद्राची चव येते.

खलबत्त्यात वाटत असाल तर मीठ आणि चिवट गोष्टी आधी, ओल्या शेवटी. पाटा-वरवंटा असेल तर याहून चांगलं साधन नाही. मिक्सरमध्ये चटणीचं छोटं भांडं घ्या आणि पाण्याऐवजी एक-दोन चमचे नारळाचं पातळ दूध घाला. उरलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग डब्यात भरा.

बाकीचे पटकन

सोम ताम, कच्च्या पपईची कोशिंबीर, आपल्याकडे अगदी सहज होते. लसूण, मिरची, गूळ आधी ठेचायचा, मग चवळीच्या ओल्या शेंगांचे तुकडे आणि टोमॅटो नुसते चेपायचे, फिश सॉस, लिंबू, भाजलेले शेंगदाणे, आणि शेवटी पपईचा जाड कीस. पपई कुटायची नाही, एका हाताने बत्ता हलका मारत दुसऱ्या हाताने चमच्याने वर-खाली करायची. खलबत्ता छोटा असेल तर मसाला त्यात ठेचून बाकी परातीत कालवा. हा ईशान्य थायलंडकडचा, इसानचा पदार्थ, तिथे याच्याबरोबर चिकट तांदूळ खातात, रात्रभर भिजवून फडक्यात वीस-पंचवीस मिनिटं वाफवलेला, मोदकपात्रात छान होतो, आणि हातानेच गोळा करून खायचा.

पॅड थाई सगळ्यांना आधी करायचा असतो, मी मात्र तो मागेच ठेवते. राइस नूडल्स उकळायच्या नाहीत, साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवायच्या, आणि चिंच, गूळ, फिश सॉसचं मिश्रण आधी वेगळं करून चाखून ठेवायचं. एका वेळी एक, फार तर दोन प्लेट. चौघांचं एकदम टाकलं की घरच्या गॅसवर कढई थंड पडते आणि लगदा होतो.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या लोकांनी दक्षिण थायलंडचं जेवण जरूर करून बघा. हळद, मासे, झणझणीत मिरची, आणि तिकडच्या केंग सोम नावाच्या करीला आंबटपणासाठी सोम खाएक नावाचं सुकवलेलं फळ घालतात ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं आहे. मिरची तर दोन्हीकडे पोर्तुगीजांबरोबर आली असं मानतात, १५१० ला ते गोव्यात आले आणि १५११ ला त्यांचा दूत सयामच्या (थायलंडचं जुनं नाव) अयुथया दरबारात पोचला होता.

शाकाहारी असाल तर

फिश सॉसऐवजी लाइट सोया आणि थोडं मीठ, ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस, चिकनऐवजी घट्ट टोफू कुस्करून किंवा अळंबी. विकतची पेस्ट घेताना लेबल बघा, बऱ्याच पेस्टमध्ये कोळंबी असते. थायलंडला फिरायला गेलात तर "जे" हा शब्द लक्षात ठेवा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला दिसतो. असा झेंडा असेल त्या जेवणात मांस-मासे, अंडं, दूध काहीच नसतं, लसूण-कांदासुद्धा नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

पान मांडताना

थाई घरात कोर्स नसतात, सगळं एकदम मध्ये मांडतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या भातावर एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे घेतो. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात आणि तो फक्त ढकलायला. चॉपस्टिक नूडल्सच्या वाटीपुरत्या. पदार्थ निवडताना एकसारखे घेऊ नका, दोन नारळाच्या करी एका दिवशी नकोतच, एक करी, एक परतलेलं, एक आंबट कोशिंबीर असं ठेवा.

चार माणसांना पहिल्यांदा बोलवत असाल तर हे तिन्ही जमतं: ग्रीन करी, सोम ताम, काफ्राव. करी दुपारीच करून ठेवा, बेसिल फक्त गरम करताना. पपई किसून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये, लसूण-मिरची ठेचून वाटीत. लोक आले की भात लावा, तो वाफेवर मुरतोय तोवर सोम ताम कालवा, करी मंद आचेवर गरम करून पुन्हा एकदा चाखा कारण थांबल्यावर खारटपणा बदलतो, आणि सगळे बसल्यावर काफ्राव कढईत टाका, अंडी तळायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.